निळ्या टोकाचे दोर

“मोजून घे,” मा टितिन म्हणाली.

“अहो मा टितिन, आपल्या माणसांत मोजामोजी कशाला? विश्वास आहे ना,” एव्हरार्ड ड्युप्वी म्हणाला आणि किल्लीसाठी त्याने हात पुढे केला.

“तुझा असेल. माझा नाही. मोजून घे.”

आणि तिने त्याला मोजायला लावलं. शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या कोठीत, जूनच्या उकाड्यात, वादळ समितीतल्या सगळ्यांना दारात उभं करून. ताडपत्र्या चौदा. कंदील नऊ. पाण्याची पिंपं सहा, झाकणांसकट. झाडं कापायचं चेनसॉ एक. दोराची वेटोळी चार, आणि प्रत्येक दोराची दोन्ही टोकं निळ्या रंगात बुडवलेली.

“हे काय, शोभेला?” ड्युप्वीने विचारलं.

“बाकं रंगवून उरलेला रंग आहे. दोर कुणाच्याही घरी गेला तरी कुठला ते कळावं म्हणून.”

तो हसला. त्याचं हसणं छान होतं. तीस वर्षं विलायतेत, लीड्सला राहून आणलेल्या वस्तूंत ते सगळ्यात चांगलं. तो हसला म्हणून आम्हीही हसलो. मा टितिनने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली, तिला बांधलेली सुतळी सोडून परत खिशात टाकली, कारण सुतळी तिची स्वतःची होती, आणि नुसती किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. एकोणीस वर्षं ती तिच्याकडे होती.

“चला. माझ्या अळकुड्या सोलायच्यात,” म्हणाली आणि गेली.

मी नॉरिस पेल्टिये. केळ्यांच्या पॅकिंग शेडमध्ये सव्वीस वर्षं चेकर होतो. शेड बंद होऊन जमाना झाला, पण मोर्न झाबोकात, म्हणजे आमच्या गावात, मला अजून चेकरच म्हणतात. काम एवढंच होतं: शेतकऱ्याने आणलेल्या फण्या बघायच्या आणि ‘घे’ किंवा ‘टाक’ म्हणायचं. केळ्याला मार लागला तर तो त्या दिवशी दिसत नाही. वरून हिरवंगार, तुकतुकीत. चौथ्या दिवशी काळं पडतं, तोवर ते जहाजात असतं आणि शेजारच्या फणीलाही नासवत असतं. म्हणून चेकरने केळ्याचं रूप बघायचं नसतं. ते कसं आणलं ते बघायचं असतं. खाली पाला अंथरला होता का, खांद्यावरून उतरवलं की फेकलं. हे मला झोपेतही कळे. माणसांचंही कळतं असा माझा समज होता. आणि तरी मा टितिनची किल्ली काढून ड्युप्वीला द्यावी म्हणून त्या दिवशी जे अकरा हात वर झाले त्यांत एक माझा होता. (एक ड्युप्वीचा स्वतःचाही होता.) हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी गावाला नावं ठेवायला लागलो की कुणी मध्ये बोलायला नको.

मा टितिन शाळेची स्वयंपाकीण. वय त्रेसष्ट, उंची बेताची, आवाज बोथट करवतीसारखा. तिच्याकडून गोड शब्द मिळाल्याचं गावात कुणाला आठवत नाही. रोज सकाळी ती शाळेच्या फाटकात दोन मिनिटं उभी राहायची, आत जाणारी पोरं बघायची आणि चुलीकडे जायची. दुपारी एक वाडगा कमी पडला नाही की जास्त उरला नाही. मी एकदा विचारलं होतं, “तुला कळतं कसं? उशिरा येणारी, ताप येऊन घरी जाणारी, तीही धरतेस?”

“कोण येणार ते आदल्या दिवशीच तोंडावर दिसतं,” ती म्हणाली. “बघायचं असेल तर.”

एकोणऐंशीच्या डेव्हिड वादळात तिचं माहेरचं घर गेलं. त्यानंतर तिने स्वतःचं बांधलं. दर तीन-चार वर्षांनी एक खोली. नवरा शेजारच्या ग्वाडलूप बेटावर गेला तो गेलाच, त्याच्या वाटची खोली तिने बांधली नाही.

गावाचा राग होता तिच्यावर, आणि कारणही होतं. कोठीतली वस्तू ती देत नसे. लग्नाच्या मांडवाला ताडपत्री मागायला गेलेला माणूस ताडपत्रीऐवजी बोलणी घेऊन परत येई. मी एकदा गाईसाठी दोर मागितला होता. म्हणाली, “गाय काय उडून चाललीय?” ते मी विसरलो नव्हतो. हात वर करताना माणूस गावाचं हित वगैरे बघत नाही, गाय आठवतो.

ड्युप्वी फेब्रुवारीत परतला. एप्रिलमध्ये त्याने नव्या घराचं छप्पर चढवायला इर्जिक घातली. आमच्या क्रिओल बोलीत तिला कूदमें म्हणतात. गावाने मिळून एकाचं काम करायचं, ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. साठ माणसं आली. दोन बकरे पडले, रम पिंपातून वाटली. ड्युप्वी भिंतीवर उभा राहून प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. “चेकर, तुझ्यासारखी नजर या बेटावर दुसरी नाही.” मी दोनदा वाढून घेतलं.

आता आमच्यात माणूस जोखायची रीत जुनी आहे आणि अगदी सोपी आहे. त्याला स्वतःच्या इर्जिकीत बघायचं नाही, दुसऱ्याच्या इर्जिकीत बघायचं. किती वाजता आला, कोयता स्वतःचा आणला का, तो धार लावलेला होता का, आणि ताटं मांडायच्या वेळी कुठे होता. फेब्रुवारी ते एप्रिल गावात तीन इर्जिकी झाल्या होत्या. फिल्बर्टच्या आईचं स्वयंपाकघर, चर्चची भिंत, झऱ्यावरची दरड. तिन्हींना ड्युप्वीची पाठ दुखत होती. हे मला माहीत होतं. मीच नव्हे, सगळ्यांनाच. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि आम्ही तर रस्सा ओरपला होता. पोट भरल्यावर आम्ही वजनकाटा उलटा धरला. ‘काय इर्जिक घातली बुवा’ म्हणत म्हणत ‘काय माणूस आहे’ इथवर कधी आलो ते कळलं नाही.

जूनच्या त्या सभेला ड्युप्वी चाळीस मिनिटं उशिरा आला. पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात कागद. “मित्रांनो, संकटाची तयारी म्हणजे ताडपत्र्या नव्हेत. तयारी म्हणजे माणसं. योग्य माणसं निवडा, घातक माणसं दूर ठेवा. घातक माणूस ओळखायच्या दहा खुणा आहेत,” असं म्हणून त्याने वाचायला घेतलं. घातक माणूस सतत दोष काढतो. प्रत्येक सूचनेला नाही म्हणतो. वस्तू आपल्या मुठीत ठेवतो. दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओततो. एकेका खुणेला सभेची मान थोडी थोडी मा टितिनकडे वळत गेली. ती कोपऱ्यात बसून हिरवी केळी सोलत होती.

“नावं घ्यायची नाहीत,” ड्युप्वी म्हणाला. “ज्याने त्याने आपल्या मनात बघावं.”

“दहा खुणांत ‘उशिरा येतो’ ही नाही का?” मा टितिनने मान वर न करता विचारलं.

कुणी हसलं नाही. ड्युप्वीने दुःखी चेहरा केला. तोही त्याला छान जमे. “बघा,” तो हळूच म्हणाला, “मी काही बोलत नाही.”

झाडं कापणारा फिल्बर्ट तेवढा मागून म्हणाला, “मग बोल ना. तिने तुझं काय घोडं मारलं?”

“फिल्बर्ट, सातवी खूण आठव,” ड्युप्वी म्हणाला. सातवी खूण होती, घातक माणसाची बाजू घेणारा.

अध्यक्ष होत्या हेडमिस्ट्रेस टीचर हेलेना. त्यांना वाद सहन होत नाही. वाद सुरू झाला की त्या मतदान घेऊन मोकळ्या होतात. त्यांनी मतदान घेतलं. पुढचं सांगितलंच आहे.

त्या उन्हाळ्यात आमची तयारी डोळ्यांत भरण्यासारखी झाली. दर शनिवारी कवायत. ड्युप्वी शिट्टी वाजवी, आम्ही शाळेभोवती पळत असू. प्रत्येकाला हुद्दा मिळाला. मला ‘पुरवठा अधिकारी’ केलं आणि जाकीट दिलं. खोटं कशाला सांगू, जाकीट मला आवडलं. आरशात बघितलंही. पुरवठा मात्र मी कधी पाहिला नाही, कारण कोठी उघडायची असेल तेव्हा ड्युप्वी म्हणे, “त्याची एक पद्धत असते, चेकर.” दुसरी किल्ली करून ठेवावी असं मी एकदा सुचवलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुलाही संशयाची लागण झाली का रे?” मग महिनाभर मी काही सुचवलं नाही.

जुलैत त्याने फिल्बर्टला काढलं. कारण काय, तो रम पितो. फिल्बर्ट पितोच. शनिवारी पितो, रविवारी झोपतो आणि बाकीचे पाच दिवस या डोंगरात त्याच्याइतकं चेनसॉ कुणाला चालवता येत नाही. ड्युप्वीने सगळ्यांसमोर त्याच्या तोंडाचा वास घेतला. अक्षरशः वाकून.

“आला वास?” फिल्बर्टने विचारलं.

“आला.”

“मग आता रस्त्यावर पडलेली झाडं तुला तोंडाने कापायचीत की कशाने?”

आम्ही खाली बघत उभे राहिलो. फिल्बर्ट गेला. त्याच्या मागोमाग दवाखान्यातली मदतनीस बाई गेली. तिला ड्युप्वी रोज काही ना काही टोचून बोले आणि रडली की ‘किती नाजूक’ म्हणे. ऑगस्टअखेर समितीत फक्त माना हलवणारे उरले, आणि ड्युप्वीने जाहीर केलं की आता गट शुद्ध झाला.

मा टितिनला त्याने काढलं नाही. काढलं असतं तर गावाला वाईट वाटलं असतं. तो नुसता तिच्याशी बोलायचा थांबला, आणि आम्हीही थांबलो. ती दर सभेला यायची, कोपऱ्यात बसायची, सोलायचं ते सोलायची. एकदा बाहेर पडताना मला म्हणाली, “चेकर, जाकीट छान आहे. मार कुठे लागलाय ते दिसत नाही.”

सप्टेंबरात वादळ आलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. एवढा मान त्याला कशाला. मंगळवारी दुपारी बारा वाजता रेडिओने सांगितलं की संध्याकाळपर्यंत पोचेल, आणि साधंसुधं नसेल. तीन वाजेपर्यंत गावातली ज्यांची घरं लाकडी ती सगळी माणसं शाळेत जमली. गाठोडी, म्हाताऱ्या, कोंबड्या. कोठीला कुलूप. ड्युप्वीचा पत्ता नाही. त्याच्या शेजारणीने सांगितलं की सकाळी सातलाच जीप घेऊन तो राजधानीला, रोझोला गेला, बहिणीच्या सिमेंटच्या घरी.

मी फोन लावला.

“चेकर, घाबरू नकोस,” तो म्हणाला. “मी इथून सगळ्यावर लक्ष ठेवून आहे. समन्वय शहरातूनच होतो.”

“किल्ली कुठंय?”

“किल्ली माझ्याकडे अगदी सुरक्षित आहे.”

फोन कुणी ठेवला आठवत नाही. मी जाकीट घालून उभा होतो आणि माझ्याकडे बघून लोक विचारत होते, पुरवठा अधिकारी, आता काय. तेवढ्यात मा टितिन डोक्यावर शाळेचं मोठं पातेलं घेऊन आली. सकाळी ती ते घासायला घरी नेते. तिने कुलूप बघितलं, मला बघितलं.

“कुणाला बोलावलंय का?” तिने विचारलं.

“कुणाला बोलावणार?”

“मी बोलावलंय.”

पाठीमागून फिल्बर्ट आला, खांद्यावर स्वतःचं चेनसॉ. त्याने विचारलं नाही, टोमणा मारला नाही. कुलपाभोवती दार कापलं. कुलूप फळीच्या तुकड्यासकट खाली पडलं, शाबूत.

आत कंदील नऊच्या नऊ होते. पिंपं चार, झाकण एकालाही नाही. ताडपत्र्या पाच. दोर एकही नाही. शाळेचं चेनसॉ होतं, पण त्याची साखळी नव्हती. भिंतीवर दहा खुणांचा कागद डकवलेला होता.

मा टितिनने एकच गोष्ट विचारली, “दोर?” ती बाहेर जाऊन छपराकडे बघत राहिली. शाळेचा हॉल मोठा, खिडक्या मोठ्या. तो टिकणार नाही हे तिला डेव्हिडच्या वेळेपासून माहीत होतं. स्वयंपाकघर आणि कोठी दगडी. पण वरचे पत्रे दोरांनी बांधल्याशिवाय राहणार नव्हते. दर वर्षी ती बांधायची.

“चेकर,” ती म्हणाली, “माझ्या घराचं छप्पर बांधलंय, सकाळीच. सहा दोर आहेत. सोडून आण.”

“आणि तुझं घर?”

“घरात कोण आहे?”

मी गेलो. वारा एव्हाना झाडांची पानं उलटी करून दाखवत होता. तिच्या गाठी फार चांगल्या होत्या. आडव्या वाशाला दोन वेढे, मग खाली फणसाच्या बुंध्याला. पाच सोडवल्या, नखं मोडली. सहावी सुटेना, ती कोयत्याने तोडली. दोर खांद्यावर टाकून निघताना मागे वळून बघितलं. घर नेहमीसारखंच दिसत होतं. खिडकीत पडदा होता.

फिल्बर्टने ते दोर स्वयंपाकघराच्या छपरावरून घेतले. मा टितिन दारात उभी राहिली, आत शिरणाऱ्यांकडे बघत.

“बावन्न,” ती म्हणाली. “दार लावू नका. अजून दोघं यायचीत.”

दहा मिनिटांनी पुलाकडचं म्हातारं जोडपं आलं. मग तिने कापलेल्या दाराला आतून टेबल लावलं.

रात्रीचं मी सांगत नाही. वादळाची रात्र सगळेच सांगतात, आणि त्यात प्रत्येक जण शूर असतो. मी पिंपाआड बसलो होतो. सकाळी बाहेर आलो तेव्हा हॉलचं छप्पर नव्हतं, हॉलमध्ये आभाळ होतं. डोंगर पानं ओरबाडून नेल्यासारखा तपकिरी. स्वयंपाकघराचे पत्रे जागेवर होते. आम्ही चौपन्नच्या चौपन्न होतो.

मा टितिनच्या घराचं जोतं उरलं होतं, तीन पायऱ्या उरल्या होत्या आणि चूल. तिसऱ्या पायरीवर जाऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मी दोन पावलं मागे होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “मा टितिन, ते दोर…”

“चूल राहिली,” ती म्हणाली आणि शाळेकडे वळली. चौपन्न माणसांना कोकोचा चहा हवा होता.

फिल्बर्टने दोन दिवस पडलेली झाडं कापून रस्ता मोकळा केला. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, पिवळं जाकीट घालून, ड्युप्वी वर आला. बरोबर फोटो काढणारा एक जण होता. ड्युप्वीने एका म्हातारीला बिस्किटाचा पुडा दिला, फोटो निघेपर्यंत हातातून सोडला नाही. “शहरात बसून तुमच्यासाठी झगडत होतो,” म्हणाला. काही जणांनी डोळे पुसले. आमच्या गावाची ही खोड आहे. जो जवळ होता त्याला विसरतात, जो उशिरा येतो त्याला हार घालतात.

चौथ्या दिवशी मी जाकीट परत करायला त्याच्या घरी गेलो. आजूबाजूची चार घरं भुईसपाट. त्याचं छप्पर जसंच्या तसं. मी खाली उभा राहून वर बघितलं. पत्र्यांवरून दोर गेले होते, चांगले जाड, चार वेटोळ्यांचे सगळे, आणि खाली खुंट्यांना बांधले होते. टोकं निळी होती. कोंबड्यांच्या खुराड्यावर ताडपत्र्या होत्या. मी मोजल्या. नऊ.

“गाठींचा सराव करत होतो,” तो मागून म्हणाला. “गटालाच शिकवायचं होतं.”

“हो,” मी म्हणालो.

“तू काही बोलणार नाहीस ना, चेकर? लोकांचं मनोबल आत्ता फार नाजूक आहे.”

मी जाकीट कुंपणावर टाकलं आणि आलो. सव्वीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांची केळी नाकारली त्याला चौथ्या दिवशी कळलं. शेडमध्ये असतो तर त्या दिवशी माझी नोकरी गेली असती.

रविवारी सभा झाली, उघड्या हॉलमध्ये. मी उभा राहून दोरांचं सांगितलं. सगळं, टोकांच्या रंगासकट. टीचर हेलेना चष्मा पुसत राहिल्या. “मिस्टर पेल्टिये, तुमच्या भावना समजू शकते. पण आत्ता एकी महत्त्वाची. कुणी चुकलं असेल, कुणी नसेल.” इतिवृत्तात माझ्या बोलण्याची एक ओळ आली: ‘साहित्याबाबत चर्चा झाली.’ मग ड्युप्वीने पाठीच्या दुखण्यामुळे किल्ली सोडत असल्याचं सांगितलं आणि त्याच्या आभाराचा ठराव झाला. हात वर झाले. माझा खाली राहिला, आणि एवढ्यावर मी स्वतःला मोठा धीट समजत बसलो. दुसरा ठराव, किल्ली मा टितिनला परत द्यावी. तो एकमताने. मा टितिन सभेला नव्हती, तिच्याकडे किल्ली न्यायची कुणाची छाती नव्हती. टीचर हेलेनांनी ती माझ्यापुढे सरकवली. “तुमचे आणि त्यांचे संबंध बरे आहेत.”

शनिवारी मा टितिनने इर्जिक घातली. चर्चमध्ये सांगून झालं होतं. चार भिंती उभ्या करायच्या, वर पत्रे टाकायचे, एवढंच. पण त्याच शनिवारी तिठ्यावर मदतीचा ट्रक येणार होता, पीठ, साबण आणि चादरी, आणि रांग लावायला ड्युप्वी जातीने हजर राहणार होता. किल्ली सोडली होती, शिट्टी नव्हती सोडली. पुढच्या आठवड्यात तो लीड्सला निघणार होता, तेव्हा त्याला निरोपही द्यायचा होता. एप्रिलच्या त्या साठ माणसांपैकी कुणाला रांग होती, कुणाला स्वतःचं छप्पर होतं, कुणाला पाठ होती. पाठीचा आजार गावात पसरला होता.

मी पहाटे उठून कोयत्याला धार लावली. उजाडता उजाडता पोचलो. फिल्बर्ट आधीच वासे तासत होता. त्याची आई खिळे सरळ करत होती. पुलाकडचं म्हातारं जोडपं आलं. दवाखान्यातली मदतनीस आली, तिचा भाऊ आला, शाळेतली दुसरी स्वयंपाकीण आली. मा टितिन स्वतः चिखल कालवत होती. माझ्याकडे तिने बघितलं, हातातल्या कोयत्याकडे बघितलं, आणि वासा कुठे धरायचा ते बोटाने दाखवलं. दिवसभर मला दुसरं काही मिळालं नाही. किल्ली खिशात होती. काढायला वेळ सापडेना, किंवा मी सापडू देईना. खालून तिठ्यावरून अधूनमधून शिट्टी ऐकू यायची. फिल्बर्ट दर शिट्टीला म्हणे, “साबण.”

दोन वाजता तीन भिंती उभ्या राहिल्या. मा टितिनने चुलीवरचं पातेलं उतरवलं. खारवलेल्या माशाचा रस्सा, उकडलेली हिरवी केळी, भाजलेला नीरफणस. जोत्यावर तिने शाळेतले पांढरे वाडगे सकाळीच धुऊन मांडून ठेवले होते. माझी मोजायची सवय जात नाही. फिल्बर्ट, त्याची आई, म्हातारा, म्हातारी, मदतनीस, तिचा भाऊ, दुसरी स्वयंपाकीण, मा टितिन स्वतः. आठ.

वाडगे आठ होते.

मी पुन्हा मोजले. मग मी तिथून जरा बाजूला झालो, कोयत्याचा चिखल काढायला बसलो. तो स्वच्छच होता. ती एकेकाला वाढत गेली. सात वाडगे दिले. आठवा हातात घेऊन थांबली. एकोणीस वर्षांत तिचा हिशेब चुकलेला मी पाहिला नव्हता, आणि तो आज चुकला असं तिलाही वाटत नसावं. तिने मला जूनपासून बघितलं होतं.

तिने स्वतःचा वाडगा माझ्यापुढे धरला.

“नको,” मी म्हणालो. “तो तुझा आहे.”

तिने वाद घातला नाही. पातेल्याचं झाकण उलटं केलं, पुसलं, वाडग्यातला अर्धा रस्सा त्यात ओतला, नीरफणसाचा तुकडा मधोमध मोडून अर्धा त्यावर ठेवला आणि झाकण माझ्या हातात दिलं.

मी डाव्या हाताने खिशातली किल्ली काढली. “समितीने पाठवलीय.”

तिने ती घेतली नाही. वाकून बघितली मात्र, गंज चढला का ते.

“ठेव तुझ्याजवळच,” ती म्हणाली. “तुझा आज पहिला दिवस आहे.”

आणि ती पायरीवर बसून जेवू लागली. खाली शिट्टी वाजली. या वेळी फिल्बर्ट जेवत राहिला. मीही बसलो. झाकणाला कड नसते. रस्सा सांडू द्यायचा नसेल तर पाठ सरळ ठेवून, दोन्ही हातांनी धरून, अगदी न हलता बसावं लागतं.